स्वर आणि उच्चार

संगीताला भाषा नसते, हे सुभाषित ऐकावयास गोड, परंतु खोटे आहे. त्यागराज (१७६७–१८४७) तंजावरजवळ तिरुवैयारू येथे राहिले. राजघराणे मराठी, परिसर तमिळ, कृती मात्र प्रामुख्याने तेलुगू. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे; केवळ तिच्या आधारे गाणाऱ्याच्या मुखी ‘गान’चे ‘कान’ होऊ शकते. १९४३ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या तमिळ इसै संघाने मैफलीत तमिळ गीतांना स्थान मागितले, ते न्याय्यच होते. ‘स्वर शुद्ध असला म्हणजे पुरे’ हे समर्थन मात्र न्याय्य नव्हे. शेजाऱ्याचा शब्द त्याच्या उच्चारासह शिकण्याचे कष्ट जो समाज टाळतो, त्याने राष्ट्रीय संस्कृतीची ग्वाही देऊ नये.