सापाची पेटी कशाची करायची?

परवा उंब्रजच्या स्टँडवर चहा घेत होतो. ओळखीच्या एका पोराने मोबाईल पुढे केला. "दादा, बघा की. घरीच बनवलीय." फोटोत प्लायवूडची पेटी. पुढून सरकती काच, वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, खाली सॉ मिलचा भुसा. आत धामण. "अजून काय बदलू? कशाची केली म्हणजे चांगली?"

पोरगं गुणी आहे. रात्री-अपरात्री फोन आला की उसाच्या फडात, गोठ्यात साप काढायला जातं. पैसे मागत नाही. म्हणून त्याला झटकून न टाकता एकेक वस्तू घेतली.

प्लायवूडमध्ये पाणी आणि घाण मुरते, बुरशी धरते. साप बाहेर पडायला जाळीवर नाक घासत राहतो, तोंड सोलतं, जखम चिघळते. काचेवर ऊन आलं की आत भट्टी. सापाला अंगाचं तापमान आपल्यासारखं आतून सांभाळता येत नाही. बांधावर ऊन खायचं, बिळात गारव्याला जायचं, असाच तो जगतो. दोन फुटांच्या पेटीत जाणार कुठं? भुशाची धूळ नाकातोंडात जाते. त्यापेक्षा जुना पेपर बरा.

"मग प्लॅस्टिकची बरणी?" तो म्हणाला.

इथं मला माझंच आठवलं. पत्रकारितेत नवा होतो. बरणीतला नाग हातात धरलेल्या एका सर्पमित्राचा फोटो मी मोठ्या हौसेने छापून आणला. फोटो झाल्यावर बरणी पत्र्याच्या खोलीत राहिली, झाकणाला चार बारीक भोकं. एप्रिल महिना. दुसऱ्या दिवशी नाग मेलेला. 'नागाला जीवदान' ही बातमी आली, मेल्याची मी दिलीच नाही. ती चूक माझी.

कराड ओलांडून पुढं गेलं की बत्तीस शिराळा. तिथं पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीआधी नाग पकडून मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून. मातीचं मडकं गार राहतं, आणि लोकांची श्रद्धाही खरी होती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नाग पकडणं आणि त्यांचे खेळ थांबवायला सांगितलं. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली ती शिक्षणासाठी. म्हणजे शेकडो वर्षांच्या परंपरेलाही परवानगी घ्यावी लागते, आणि आपण रीलसाठी घरात पेटी ठोकतो.

धामण असो वा नाग, आपल्याकडचे हे साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर नाग पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर त्याचीही सरकारकडे नोंदणी लागते. "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथं चालत नाही.

मग पकडलेला साप ठेवायचा कशात? माझं मत सरळ आहे. जाड सुती पिशवी. शिवण बाहेरून, म्हणजे सुटे धागे खवल्यांत, दातांत अडकत नाहीत. विषारी साप कापडातूनही चावतो, म्हणून पिशवी झाकणाच्या टणक डब्यात. डब्याला भोकं आतून बाहेर पाडायची, नाहीतर धारदार कडा आत राहतात. डबा सावलीत. आणि हे फक्त वन विभागाला कळवून साप सोडेपर्यंत. काही तास. मुक्काम नाही. हेही ज्याला काम येतं त्यानेच करायचं. बाकीच्यांनी लांब उभं राहून वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा.

यात वन विभागालाही एक मागणी आहे. ही पोरं तुमचंच काम फुकट करतात. त्यांना नीट पिशव्या, डबे, हुक आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. साधन नसलं की माणूस मिळेल त्या बरणीत साप कोंबतो.

पोराने त्याच संध्याकाळी वन विभागाला फोन केला. धामण माणसांदेखत ओढ्याकडे गेली. पेटी अजून त्याच्या घरी आहे. आई म्हणाली, कांदे ठेवायला झकास आहे.

तुमच्या गल्लीत कुणाकडे बरणीत साप असेल, तर भांडू नका. ही पोस्ट दाखवा.