इशीचे बाणाग्र: हलक्या ताणाच्या धनुष्यामागील शहाणपण

१/ ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. वृत्तपत्रांनी त्याला ‘रानटी’ ठरवले. प्रत्यक्षात, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत नष्ट झालेल्या ‘याही’ जमातीचा तो अखेरचा माणूस होता. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले; त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थच ‘माणूस’.

२/ सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे वैद्य झाले आणि धनुर्विद्येत शिष्यही. इशीच्या धनुष्याचा ताण होता सुमारे ४५ पौंड, म्हणजे २० किलो. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरील धनुष्यांचा अंदाजित ताण १०० पौंडांहून अधिक. एवढ्यावरून इशीचे शस्त्र मागास ठरवणे सोपे आहे. ते योग्य मात्र नाही.

३/ बाण आघाताने मारत नाही. तो फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या कापतो. म्हणून तो किती खोल शिरतो, हेच निर्णायक. हलक्या ताणाच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणात ऊर्जा मोजकीच असते. रुंद पाते जखम मोठी करते, पण ती ऊर्जा लवकर संपवते. आदळल्यावर उघडणारी आधुनिक पाती उघडण्यातच तिचा काही भाग खर्च करतात. अशा धनुष्याला अरुंद, दुधारी, न उघडणारे आणि अतिशय धारदार बाणाग्रच साजते.

४/ इशी ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेची, तसेच बाटल्यांच्या काचेची बाणाग्रे घडवी. यकृताने भरलेल्या आणि कातडे ताणून बसवलेल्या खोक्यावर पोप यांनी चाचणी घेतली, तेव्हा ऑब्सिडियन पोलादापेक्षा खोल गेले. हाडावर मात्र ते फुटू शकते. धनुष्याच्या ताणातली उणीव इशी संयमाने भरून काढी: दबा धरून हरिण जवळ येऊ देणे, हा त्याच्या शिकारीचा गाभा.

५/ आज अमेरिकेतील अनेक राज्ये हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याचा किमान ताण कायद्याने ठरवतात. हा नियम आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. बोथट किंवा अवाजवी रुंद पात्याने अर्धवट घायाळ झालेल्या हरणाच्या यातना ताणाच्या आकड्याने टळत नाहीत. शिकारीची परवानगी असेल तेथे बाणाग्राची निवड ही नैतिक जबाबदारीच ठरते.

६/ १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. त्याला ‘अश्मयुगाचा अवशेष’ म्हणणाऱ्यांनी दगड पाहिला, त्यामागचा विचार पाहिला नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ वाढत्या बळाचा नसतो. हाती असलेल्या बळाचा नेमका उपयोग करणाऱ्यांचाही असतो.