एका सेकंदाचे पेट्रोल

पेट्रोल महागले की पंपावरच्या रांगेतच खटला उभा राहतो. अरब, डॉलर, सरकार, पंपवाला हे नेहमीचे आरोपी. कोणीतरी त्यांत मोटारशर्यतीलाही उभे करतो. "आपण लिटरला शंभर रुपये मोजायचे, आणि ते तिकडे नुसते गोल गोल फिरून हजारो लिटर जाळणार. मग भाव चढणार नाहीत तर काय?" ऐकणारे माना डोलावतात. या म्हणण्यात संताप आहे, न्यायबुद्धीही आहे. नाही तो फक्त हिशेब.

पूर्वपक्ष मांडायचा तर लुळापांगळा करून मांडू नये. त्याचे म्हणणे तिपदरी आहे. एक, शर्यतीच्या गाड्या बेसुमार पेट्रोल पितात. अमेरिकेतील नॅसकार या संस्थेच्या शर्यतींतील गाडीला एका गॅलनमध्ये जेमतेम चार-पाच मैल मिळतात. दोन, मागणी वाढली की भाव वाढतो, हा बाजाराचा नियम शर्यतीला माफ नाही. तीन, बाजारात भाव ठरवते ते शेवटचे पिंप. तुटवड्याच्या काळात थोडीशी जादा मागणीही भावाला मोठा धक्का देते. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही तिन्हींची बेरीज करून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

या निष्कर्षाची परीक्षा एकदा प्रत्यक्षात होऊन गेली आहे. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. इस्रायलच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या अमेरिकेचे तेल अरब देशांनी तोडले. तीन डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप जानेवारी १९७४पर्यंत पावणेबारा डॉलरच्या घरात गेले. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, रविवारी पंप बंद ठेवण्याचे आवाहन झाले, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. साहजिकच लोकांची नजर शर्यतींकडे वळली. डेटोनाची २४ तासांची आणि सेब्रिंगची १२ तासांची शर्यत रद्द झाली. युरोपात माँटे कार्लो रॅली झाली नाही. नॅसकारने मोसमाच्या सुरुवातीच्या शर्यतींचे अंतर दहा टक्क्यांनी कापले.

ही कापाकापी कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. 'डेटोना ५००' ही दोनशे फेऱ्यांची, पाचशे मैलांची शर्यत. फेब्रुवारी १९७४मध्ये ती १८० फेऱ्यांची झाली, पण नाव आणि मान तर राखायचा होता. मग गाड्यांनी केलेली पहिली फेरी एकविसावी म्हणून मोजली गेली. न धावलेल्या वीस फेऱ्या कागदावर जमा झाल्या. रिचर्ड पेटी ४५० मैल धावून पाचशे मैलांची शर्यत जिंकला. आणि पेट्रोल? अमेरिकेत १९७३ साली सरासरी ३९ सेंटला मिळणारा गॅलन १९७४ साली सरासरी ५३ सेंटला गेला. मार्चमध्ये अरबांनी बंदी उठवली, तरी पिंपाचा भाव जुन्या जागी परतला नाही. शर्यत कापली गेली, भाव कापला गेला नाही.

असे का झाले, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. आजच्या डेटोना शर्यतीत चाळीस गाड्या पाचशे मैल धावतात. गॅलनला साडेचार मैल धरले तर एका गाडीला सुमारे १११ गॅलन आणि सगळ्या गाड्यांना मिळून साधारण ४,४५० गॅलन लागतात. म्हणजे आपले सुमारे १६,८०० लिटर. आकडा दांडगा वाटतो. आता शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०२३ साली अमेरिकेने दिवसाला सुमारे ३७ कोटी ६० लाख गॅलन पेट्रोल वापरले. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की सेकंदाला ४,३५० गॅलन येतात. साडेतीन-चार तास कानठळ्या बसवणाऱ्या त्या शर्यतीत जेवढे पेट्रोल जळते, तेवढे अमेरिकेतील सामान्य वाहनचालक एका सेकंदात संपवतात.

हे डोळ्यांसमोर आणायचे असेल तर सकाळी पंपावर टँकर येतो तेव्हा पाच मिनिटे थांबावे. माणूस वर चढतो, एकेका कप्प्याचे झाकण उघडतो, मोजपट्टी आत सोडून पातळी बघतो, मग खालून पाइप जोडून माल भूमिगत टाकीत उतरवतात. वीस हजार लिटरच्या अशा एका टँकरमध्ये डेटोनाची अख्खी शर्यत मावते आणि वर थोडी जागा उरते. असे टँकर आपल्या शहरात रोज किती येतात, ते मोजायला बोटे पुरणार नाहीत.

"एक शर्यत सोडा, वर्षभराच्या धरा," असे कोणी म्हणेल. धरू. नॅसकारच्या मुख्य मालिकेत गुणांच्या ३६ शर्यती असतात. सगळ्या डेटोनाएवढ्या लांब मानल्या आणि सरावासाठी आकडा दुप्पट केला, तरी वर्षाचे पेट्रोल अमेरिकेच्या सव्वा मिनिटात संपते. गावोगावच्या लहान धावपट्ट्यांसाठी हा आकडा शंभरपट फुगवला तरी हिशेब दोन तासांवर थांबतो. वर्षाचे तास असतात ८,७६०. शिवाय सगळ्याच शर्यती पेट्रोलवर चालत नाहीत. इंडियानापोलिसच्या गाड्या १९६४च्या भीषण अपघातानंतर मिथेनॉलकडे आणि पुढे इथेनॉलकडे वळल्या.

आता तिसरे विधान, जे सर्वांत धारदार आहे: शेवटचे पिंप भाव ठरवते. कबूल. पण मग शेवटचे पिंप कोणाच्या हातात आहे तेही पाहावे. एप्रिल २०२३मध्ये सौदी अरेबिया आणि इतर तेल उत्पादक देशांनी अचानक रोजच्या दहा लाखांहून अधिक पिंपांची कपात जाहीर केली. नॅसकारच्या मोसमाचे वर दुप्पट धरलेले पेट्रोल होते साडेसात हजार पिंपांच्या आसपास, तेही वर्षाचे. ती कपात शर्यतींचा वर्षाचा वाटा दहा-अकरा मिनिटांत गिळते. भावाच्या तराजूत एका बाजूला हत्ती बसलेला असताना दुसऱ्या बाजूची मुंगी उचलून वजन बदलत नाही.

"थेंबे थेंबे तळे साचे" हा शेवटचा आधार. म्हणही खरीच आहे, पण मग थेंब सगळ्यांचेच मोजावे लागतील. शर्यत पाहायला जाणाऱ्या लाखभर माणसांच्या मोटारी ट्रॅकवरच्या चाळीस गाड्यांपेक्षा कैक पटींनी जास्त पेट्रोल जाळतात. फॉर्म्युला वनने २०१९ साली प्रसिद्ध केलेला स्वतःचा ताळेबंदही तेच सांगतो: तिच्या एकूण कार्बन उत्सर्जनात शर्यतीच्या गाड्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. मोठा वाटा होता सामान आणि माणसे देशोदेशी नेण्याचा. हा आक्षेप मोठ्या क्रिकेट सामन्यालाही तितकाच लागू होतो. तिकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही, कारण तिथे इंजिनाचा आवाज येत नाही.

शर्यतवाल्यांच्या वकिलांनीही फार खूश होऊ नये. आमच्या प्रयोगांमुळेच तुमच्या मोटारीचे ॲव्हरेज वाढले, असे ते छातीठोकपणे सांगतात. फॉर्म्युला वनच्या इंजिनांनी इंधनातील निम्मी ऊर्जा कामी लावण्याची मजल मारली हे खरे आणि कौतुकाचे. त्याने आपल्या स्कूटरचा महिन्याचा खर्च किती कमी झाला, हे मात्र त्यांनाही दाखवता येणार नाही. उधळपट्टी डोळ्यांत खुपते, तुटवड्याच्या काळात ती अशोभनीय दिसते, हा आक्षेपही माझ्या मते रास्त आहे. १९७४ साली शर्यती कापल्या त्या त्याच लाजेपोटी, आणि ते शहाणपणाचे होते. पण तो शोभेचा प्रश्न झाला, भावाचा नव्हे. नीतीचे बिल अर्थशास्त्राच्या नावावर फाडले की दोन्हींचा हिशेब चुकतो.

इथपर्यंत खंडन झाले. मग भाव ठरतो कुठे?

२०२० साल आठवा. मार्चमध्ये मेलबर्नची फॉर्म्युला वन शर्यत ऐन वेळी रद्द झाली आणि पुढची थेट ५ जुलैला ऑस्ट्रियात झाली. जगभरच्या धावपट्ट्या ओस पडल्या. २० एप्रिलला तर अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. आपल्याकडे काय झाले? केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क मार्चमध्ये लिटरमागे तीन रुपयांनी आणि मेमध्ये दहा रुपयांनी वाढवले. जून उजाडला आणि पंपावरचा दर रोज काही पैशांनी चढू लागला. शर्यती बंद पडल्या म्हणून पेट्रोल महागले, असे कोणी म्हटले तर आपण हसू. शर्यती चालू आहेत म्हणून महागले, हे म्हणणे तेवढेच हसण्याजोगे आहे.

उलट बाजूही पाहा. मे २०२२मध्ये केंद्राने शुल्क आठ रुपयांनी कमी केले. जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने व्हॅट कमी केला आणि मुंबईतील पेट्रोल एका रात्रीत पाच रुपयांनी उतरून १०६ रुपये ३१ पैशांवर आले. मग मार्च २०२४पर्यंत, वीस महिने, तो आकडा जागचा हलला नाही. या काळात कच्चे तेल खाली-वर झाले, फॉर्म्युला वनच्या शर्यती वाढून २४चे वेळापत्रक आखले गेले, पण मुंबईचा पंप ढिम्म. जो दर एका सहीने पाच रुपये उतरतो आणि नंतर वीस महिने गोठून राहतो, त्याची तोटी धावपट्टीवर नसते.

आपल्या राज्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१५ साली दुष्काळनिवारणासाठी पेट्रोलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूविक्री बंद झाली, महसूल बुडाला आणि तो भरून काढायला पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. दारू बंद झाली महामार्गावर; बिल भरले कधी थेंबही न घेतलेल्या स्कूटरवाल्याने. परभणीकर वर्षानुवर्षे राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल भरत आले, कारण त्यांचा टँकर मनमाडकडच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर चालून येतो. दुष्काळ, दारू, अंतर, शुल्क, व्हॅट, डॉलर, कच्चे तेल: भावाची खरी वंशावळ ही आहे. तिच्यात शर्यतीची गाडी कुठेच नाही.

मग शर्यतीवर आरोप होतो तो का? ती दिसते म्हणून. धूर, आवाज, श्रीमंती सगळे टीव्हीवर समोर असते. शुल्क दिसत नाही. हॉटेलात दोन मसाला डोसे खाल्ले तर बिलावर सीजीएसटी किती, एसजीएसटी किती, हे पैशापर्यंत छापून मिळते. पंपावरच्या पावतीवर लिटर, दर आणि रक्कम एवढेच. निम्म्याच्या आसपास रक्कम कधी कराची असते आणि कधी त्याहून कमी, पण ते पावतीवरून कळायचा मार्ग नाही. दिल्लीच्या दराची फोड तेल कंपन्या प्रसिद्ध करतात. परभणीच्या माणसाच्या हाती मात्र त्याच्या लिटरची फोड पडत नाही. जे दिसत नाही त्यावर कोणी रागावत नाही, हे कर लावणाऱ्यांना पुरते ठाऊक आहे.

म्हणून पुढच्या वेळी पंपावर उभे राहाल आणि मुलगा "शून्य बघा साहेब" म्हणेल, तेव्हा शून्य जरूर बघा. टाकी भरल्यावर पावतीही मागा. आणि आपल्या आमदार-खासदारांकडे एकच मागणी लावून धरा: या पावतीवर मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि वाहतूक वेगवेगळी छापा. ती चार ओळींची फोड हाती आली की डेटोनाच्या धावपट्टीकडे बोट दाखवायची गरज कोणालाच उरणार नाही.