गोळीला वजन हवं

रविवारी भाचा आला तो मोबाइल पुढे करतच. "मामा, हा पिनबॉल खेळून बघ. साडेचार स्टार आहेत!" चित्रं देखणी होती, दिव्यांची रोषणाई होती. तरी पाचव्या मिनिटाला मी मोबाइल परत दिला. गोळी कापसाच्या बोळ्यासारखी तरंगत होती. गोळी परतवणारा फ्लिपर उचलून धरला, तरी ती त्यावर विसावत नव्हती. टेबलाला धक्का द्यायची तर सोयच नव्हती. हे साडेचार स्टार चित्रांना मिळालेत, खेळाला नाहीत, याचा मला मनापासून राग आला.

मी कॅरमवेडा माणूस. कॅरमचा बोर्ड विकत घेताना आपण काठावरची नक्षी बघतो का? स्ट्रायकर मारून रिबाउंड बघतो. पिनबॉललाही तीच कसोटी लावायला हवी.

खऱ्या टेबलावरची स्टीलची गोळी साधारण 80 ग्रॅमची असते आणि टेबलाचा उतार साडेसहा अंशांच्या आसपास. स्प्रिंगच्या दांड्याने गोळी सोडायच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्हने 1871 मध्ये घेतलं. गोळी परतवणारे फ्लिपर मात्र आले थेट 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर. म्हणजे मधली शहात्तर वर्षं गोळी एकदा सुटली की खेळणाऱ्याच्या हाती उरायचा तो टेबलाला दिलेला धक्का. या खेळात धक्का फ्लिपरहून जुना आहे.

मला तो आजोबांनी शिकवला. सांगलीला आजोळी खिळे ठोकलेली बॅगाटेलची फळी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सात भावंडं दुपारभर तिच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. गोळी खिळ्यावर आदळून कुठे वळावं याचा विचार करत असायची, नेमक्या त्या क्षणी आजोबा तळहाताने फळीच्या कडेला हलकेच थोपटायचे आणि गोळी शंभराच्या घरात उतरायची. त्यांचा नियम कडक होता: थोपटलं तर चालेल, फळी उचलली तर डाव बाद. एकदा मी फळी उचलली, तेव्हा त्यांनी माझे सगळे गुण पुसले आणि पाटी पुढच्या भावाकडे दिली. किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचं, हे मी त्या फळीवर शिकलो.

आजोबांचा तो नियम मला पुढे संगणकावर भेटला. 1995 सालचा 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉल, विंडोजबरोबर एक्सपीपर्यंत घरोघरी पोहोचलेला. माझ्या जुन्या संगणकावर तो अजून चालतो. भाच्याला मी त्याच्यासमोर बसवलं. चित्रं जुनाट, पण फ्लिपर उचलून धरला की गोळी त्यावर थांबते, नेम धरायला वेळ देते. एक्स, पूर्णविराम किंवा वरच्या बाणाची कळ दाबली की टेबलाला धक्का बसतो. अति केलं की टिल्ट: फ्लिपर निपचित पडतात आणि गोळी डोळ्यांदेखत खाली जाते.

भाच्याने तीनदा टिल्ट ओढवून घेतला. चौथ्यांदा त्याने एकदाच, हलकेच कळ दाबली. बाहेर चाललेली गोळी परत फ्लिपरवर आली. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

तेव्हा वाचकहो, एखाद्या डिजिटल टेबलाला स्टार देण्याआधी दोन गोष्टी करा. गोळी फ्लिपरवर थांबवून बघा आणि टेबलाला एक धक्का देऊन बघा. दोन्ही जमलं, तरच तो पिनबॉल.