चॅनल व्ही गेलं, त्याचं काय एवढं?

गाण्यांची चॅनल्स एकामागून एक बंद पडताहेत आणि कुणालाही त्याचं सुतक नाही. मार्च 2025 मध्ये आपल्याकडे व्हीएच-वन आणि एमटीव्ही बीट्स बंद झाली. 31 डिसेंबर 2025 ला ब्रिटनमधली एमटीव्हीची पाच संगीत चॅनल्स गेली. आणि चॅनल व्ही? ते तर सप्टेंबर 2018 मध्येच गेलं. ‘यूट्यूब आलं, चॅनल्स गेली’, एवढं एक वाक्य बोलून लोक विषय संपवतात.

मला हे काही पटत नाही. का पटत नाही ते सांगतो.

1991 मध्ये स्टार टीव्ही डिशवरून आपल्याकडे उतरला, त्यात एमटीव्ही होतं. 1994 मध्ये दोघांचं फाटलं आणि स्टारने स्वतःचं चॅनल व्ही काढलं. सुरुवातीला बराचसा इंग्रजी मामला. पण निव्वळ इंग्रजीवर भारतात दुकान चालणार नाही हे या मंडळींना लवकर कळलं. मग आला लुंगीवाला काउबॉय क्विक गन मुरुगन, मग आला उधम सिंग. दोन गाण्यांच्या मधली ही अर्ध्या मिनिटाची टवाळी बघायला आम्ही गाणं सहन करायचो, असंही व्हायचं! (पुढे 2009 मध्ये या मुरुगनवर अख्खा सिनेमा निघाला.)

आणि याच काळात हिंदीत सिनेमाबाहेरचं गाणं उभं राहिलं. 1995 ला अलिशा चिनॉय, 1996 ला लकी अली आणि कलोनियल कझिन्स, 1998 ला युफोरिया आणि सिल्क रूट, 1999 ला शुभा मुद्गल. यातल्या कुणाच्याही गाण्यामागे हिरो-हिरॉइन नव्हते. चार मिनिटांचा व्हिडिओ आणि तो दिवसातून चार वेळा लावणारं कुणीतरी, एवढंच भांडवल. चॅनल व्ही, 1996 मध्ये स्वतंत्रपणे आलेलं एमटीव्ही इंडिया आणि 1997 चं म्युझिक एशिया, ही ती लावणारी माणसं.

आमच्या नागपुरात हे सगळं केबलवाल्याच्या कृपेने यायचं. जुन्या केबलवर पहिल्या काही आकड्यांवर चित्र स्वच्छ, पुढे सरकलं की मुंग्या. चांगली जागा हवी तर चॅनलने केबलवाल्यांना पैसे मोजायचे, अशी पद्धत पडत गेली. ज्याचे प्रेक्षक थोडे त्यालाही हा खर्च सुटत नाही. नागपुरात सेट टॉप बॉक्सची मुदत 31 मार्च 2013 ची होती. तोवर छोट्या चॅनलचं नशीब गल्लीतल्या त्या डब्यात बंद असायचं.

दुसरी भानगड टीआरपीची. टीआरपी नुसती माणसं मोजत नाही, माणूस किती मिनिटं टिकला तेही मोजते. मालिका बघणारा अर्धा तास हलत नाही. गाण्याच्या चॅनलवर माणूस येतो कधी? तर मालिकेत जाहिराती लागल्या की! एक गाणं ऐकतो, परत जातो. म्हणजे बघणारे भरपूर, पण हिशोबात मिनिटं कमी. मिनिटं कमी म्हणजे जाहिरातीचा दर कमी. त्यात सिनेमावाल्यांना प्रदर्शनाआधी गाणी सतत वाजायला हवीच असतात आणि त्यासाठी पैसे मोजायचीही तयारी असते. अल्बमवाल्या गायकाकडे कुठून येणार पैसे? हळूहळू पडद्यावर सिनेमाच सिनेमा.

चॅनल व्हीने धडपड केली नाही असं नाही. 2002 मध्ये ‘पॉपस्टार्स’ नावाच्या स्पर्धेतून पाच मुलींचा ‘व्हिवा’ हा बँड उभा केला. पण त्यातून चॅनलला एक वेगळाच साक्षात्कार झाला असावा. लोक गाण्यापेक्षा निवड होतानाची रडारड जास्त बघतात! मग स्पर्धा वाढल्या, गाणी घटली आणि जुलै 2012 मध्ये चॅनल व्हीने गाणी दाखवणं चक्क बंद केलं. नावात संगीत, घरात कॉलेजच्या मालिका. 2016 मध्ये गाडी पुन्हा गाण्यांवर आली, पण तोवर स्टेशन रिकामं झालं होतं.

आता तारखा जुळवून बघा. चॅनलने गाणी सोडली 2012 मध्ये. जिओचा स्वस्त डेटा आला सप्टेंबर 2016 मध्ये. 2012 साली नागपुरात यूट्यूबवर एक गाणं बघायचं म्हणजे त्या गोल फिरणाऱ्या चकलीकडे बघत बसायचं! यूट्यूब मारायला आलं तेव्हा चॅनल व्हीने गाण्याचा विडा कधीच खाली ठेवला होता. यूट्यूबने फक्त सांगाडा उचलला.

मग गेलं काय? गाणी तर गेली नाहीत. हवं ते गाणं आज दहा सेकंदांत मिळतं. पण ‘हवं ते’ ही खरी मेख आहे. जे माहीतच नाही ते हवं कसं वाटेल? चॅनलवर बसलेला कुणी अनोळखी माणूस आपल्याला न मागितलेलं गाणं वाढायचा. पानात नको असलेली भाजी वाढावी तसं. आपण नाक मुरडायचो आणि चौथ्या दिवशी तेच गुणगुणायचो. आजचं यंत्र कालच्या भाजीसारखीच भाजी रोज वाढतं.

मराठीत हे काम पूर्वी आकाशवाणीने केलं. नागपूर केंद्र 1948 चं. सिनेमाबाहेरचं मराठी भावगीत घराघरांत पोचलं ते कुणीतरी निवडून रेडिओवर लावलं म्हणून. सुरेश भटांसारख्या, ग्रेसांसारख्या आपल्या नागपूरच्या कवींचे शब्द पुस्तक न उघडणाऱ्यांच्याही ओठांवर गेले ते गाण्यांमुळे. 2011 मध्ये ‘नाइन एक्स झकास’ हे मराठी गाण्यांचं चॅनल आलं तेव्हा वाटलं होतं, आता आपलंही सिनेमाबाहेरचं नवं गाणं उभं राहील. पण तिथेही मुख्य भरणा चित्रपटगीतांचाच.

उलट बाजूही सांगायला हवी. भीमगीतांना कुठल्या बड्या म्युझिक चॅनलने कधी विचारलं? तरी ती जगली. कॅसेटवर, सीडीवर, दीक्षाभूमीच्या वाटेवरच्या स्टॉलवर, आणि नंतर नागपुरातूनच निघालेल्या लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया टीव्हीसारख्या चॅनल्सवर. म्हणजे चॅनल नसलं तरी चालतं, असं कुणी म्हणेल. चालतं, पण पाठीशी समाज असेल तर. दरवर्षी लाखो माणसं एका जागी येत असतील तर. ज्या गाण्यामागे सिनेमा नाही आणि समाजही नाही, त्या एकट्या गाण्याने जायचं कुठे?

आणि इथे हा विषय माझ्या घरात येतो. नातेवाईक वाचक ओळखतीलच. आमचा भाचा मानेवाड्याच्या खोलीत बसून वऱ्हाडीत गाणी करतो. शब्द त्याचे, चाल त्याची, ध्वनिमुद्रण मोबाइलवर आणि पंख्याचा आवाज फुकटात. त्याचं कौतुक मी मामा म्हणून करत नाही. त्यातली दोन गाणी खरंच चांगली आहेत. बघणारे किती? वर्गमित्र, आपण सगळे आणि त्याची आई (ती दहा वेळा). मी त्याला चॅनल व्हीची गोष्ट सांगितली तर म्हणतो, “मामा, आता टीव्ही पाह्यते कोन? अन् मले कोन लावून देनार होतं तिथं?” दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1998 मध्येही मानेवाड्यापर्यंत ते चॅनल फक्त दिसायचं, पोचायचं नाही. पण दिल्लीच्या डॉक्टर पोराचा युफोरिया बँड त्यावर दिसला, आणि ‘आपणही करू शकतो’ असं अनेक पोरांना वाटलं. हे वाटणं स्वस्त नसतं हो.

माझं म्हणणं साधं आहे. खाजगी चॅनलला टीआरपीचं पोट आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण सह्याद्री वाहिनी आणि आकाशवाणी आपल्या पैशांवर चालतात. त्यांनी आठवड्यातला एक तास सिनेमाबाहेरच्या नव्या मराठी गाण्याला द्यावा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली, सगळ्यांना. निवड माणसांनी करावी, भले चुकीची करोत.

आणि ते होईपर्यंत तुम्ही-आम्ही आहोतच. प्रत्येकाने महिन्यातून एक न ऐकलेलं गाणं शोधून चार जणांना पाठवायचं. ‘शुभ सकाळ’च्या फुलांपेक्षा बरं! भाच्याचंच पाठवा असा आग्रह नाही. पाठवलंत तर मात्र मामा नाही म्हणणार नाही.

असो. तुमच्याकडे असं एखादं गाणं असेल तर नक्की कळवा. मी ऐकतो.