जवानाच्या आवाजाची मालकी कोणाची?

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. दक्षिण मनोऱ्यात जवान फार वर पोचूच शकले नव्हते, असा समज त्यानंतर कित्येक महिने रूढ होता. तो खोटा ठरवला शेजारच्या एका इमारतीतून हाती लागलेल्या ध्वनिफितीने. ओरिओ पामर हे अधिकारी ७८ व्या मजल्यावर पोचले होते, तेथील आगीचा अंदाज घेऊन वॉकी-टॉकीवरून खाली कळवत होते आणि पाण्याच्या लाइन मागत होते. काही मिनिटांतच, ९ वाजून ५९ मिनिटांनी, मनोरा कोसळला.

त्याच फितीने आणखी एक गोष्ट उघड केली. संदेश दूरवर पोचवणारा इमारतीतील रिपीटर बंद आहे असे समजून उत्तर मनोऱ्यातील प्रमुखांनी त्याचा नाद सोडला होता; प्रत्यक्षात तो चालू होता. त्यांच्या हातातील संचाचे दुसरे बटण सुरू केलेले नव्हते, असे पुढे चौकशी आयोगाने नमूद केले. उत्तर मनोरा त्यानंतर २९ मिनिटे उभा होता. बाहेर पडण्याचा हुकूम तेथील किती जवानांना ऐकू आला, हा प्रश्न मात्र वाचलेल्यांच्या आठवणींवरच सोडवावा लागला. कारण जवानांच्या आपसातील बिनतारी संभाषणाचे ध्वनिमुद्रण सर्वसाधारणपणे होतच नव्हते.

यात एक तांत्रिक बाब आहे आणि ती कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगी आहे. शहराच्या नियंत्रण कक्षात ध्वनिमुद्रण होते ते मुख्यतः कक्षापर्यंत पोचणाऱ्या संदेशांचे. आगीच्या जागी जवान जे कमी शक्तीचे संच वापरतात ते एकमेकांशी थेट बोलतात. त्यांचा आवाज काही शे मीटरपलीकडे जाईलच असे नाही. तो टिपायचा तर टिपणारे यंत्र घटनास्थळीच हवे, आणि त्याची नैसर्गिक जागा म्हणजे तेथे उभे असलेले नियंत्रण-वाहन. प्रत्येक वाहिनीची स्वतंत्र नोंद आणि सर्व नोंदींवर एकाच घड्याळाची वेळ, एवढे साधले की कोणी काय मागितले आणि ते किती मिनिटांनी मिळाले, हे ठरवता येते. वाहनच ढिगाऱ्याखाली गेले तर नोंद उरावी यासाठी तिची एक प्रत दूर ठेवावी लागते. आजच्या काळात हे तंत्र दुर्मिळ नाही. एका बंबाच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ ठरावा.

मग अडते कोठे? अडते ते सत्तेच्या प्रश्नावर. दुर्घटनेनंतर अहवाल लिहिला जातो. तो लिहिण्याची साधने, म्हणजे टंकलेखक, शिक्का, फाइल आणि मुख्य म्हणजे सवड, वरिष्ठांच्या हाती असतात. शिडीवर चढलेल्या जवानाजवळ फक्त त्याचा आवाज असतो. तो टिपला गेला नाही तर इतिहासात एकच बाजू उरते. शिवाय खर्च आजच्या अंदाजपत्रकावर पडतो, आणि लाभ उद्याच्या, अजून नाव नसलेल्या जवानाला मिळतो. असा लाभ कोणत्याही बाजारात मोजला जात नाही. म्हणूनच त्याची मागणी संघटित लोकांनी करावी लागते.

मुंबईने याचा अनुभव घेतलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. त्या वेळी बिनतारी संदेशांवर काय बोलले गेले, हे जाणण्यासाठी विनिता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. २००९ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या पत्नीला इतके झगडावे लागत असेल, तर साध्या शिपायाच्या किंवा फायरमनच्या विधवेने कोणाच्या दारी जावे?

या मागणीला विरोध केवळ वरिष्ठांकडून होईल असे नाही. कामगारांच्या मनातही शंका आहे आणि ती अनाठायी नाही. धुरात गुदमरलेला माणूस ओरडतो, शिवी देतो, हुकमाला नकारही देतो. ते शब्द पुढे खातेचौकशीत त्याच्याविरुद्ध वापरले गेले तर? मालकाच्या हाती दिलेला प्रत्येक कान शेवटी पाळतीचाच होतो, हा श्रमिकांचा अनुभव आहे. पण यावरचा उपाय न टिपणे हा नव्हे. मुद्रण न झाल्याने जवानाचे संरक्षण होत नाही. त्याच्या मृत्यूचे कारण तेवढे झाकले जाते. उपाय आहे तो ताब्याचा प्रश्न नीट सोडवण्याचा.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. न्यूयॉर्कमध्येही शहर प्रशासनाने तो घेतला. वृत्तपत्र आणि मृतांचे नातेवाईक न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मध्यममार्ग काढला: मदतीसाठी फोन करणाऱ्या नागरिकांचे शब्द सामान्यतः वगळावेत, पण सेवेतील कर्मचारी त्यांना काय सांगत होते ते बहुतांशी खुले करावे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीची सबब अधिक रुंद केली आहे. त्यामुळे हा भेद आताच कायद्यात लिहून घेणे अगत्याचे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक महानगरपालिकेच्या नियंत्रण-वाहनात घटनास्थळीच्या सर्व वाहिन्यांचे मुद्रण व्हावे. त्याची एक प्रत दलाबाहेरील स्वतंत्र यंत्रणेकडे चोवीस तासांत जमा व्हावी. यंत्रे पुरवणाऱ्या खासगी कंपनीचा त्यावर काडीचाही हक्क नसावा. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास कुटुंबीयांना आणि कामगार संघटनेला ते ऐकता यावे. जवानाच्या तोंडून त्या क्षणी निघालेल्या शब्दांवरून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात साठाहून अधिक अग्निशमन कर्मचारी मेले. त्यांच्या स्मरणार्थ देश दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासातील आगीने दलाचे चार वरिष्ठ अधिकारी हिरावून नेले, तेव्हाही मानवंदना झाली. मानवंदना द्यावीच. पण महापालिकांतील आपल्या सभासदांनी येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी एक साधा प्रश्न अवश्य विचारावा: जवान शेवटचे काय बोलला, ते ऐकण्याची सोय या शहराने केली आहे काय?