विश्लेषण : मधुमेहींना गोळ्यांबरोबर सल्लाही देणे फार्मासिस्टचे काम! मग तो मिळत का नाही?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासानुसार, देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. यातील अनेकांची डॉक्टरांशी भेट तीन-चार महिन्यांतून एकदा होते. औषधाच्या दुकानात मात्र ते दरमहा जातात. त्यामुळे तेथील फार्मासिस्टची भूमिका महत्त्वाची ठरते.

कायदा काय सांगतो?

फार्मसी कायदा, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या 'फार्मसी प्रॅक्टिस' नियमावलीने त्यापुढे पाऊल टाकले. औषध कसे व कधी घ्यायचे, दुष्परिणाम कोणते, साठवण कशी करायची आणि मात्रा चुकल्यास काय करायचे, हे रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवण्यात आले.

मधुमेहात हा सल्ला इतका मोलाचा का?

कारण या आजारात उपचाराचा मोठा भाग रुग्ण घरी स्वतःच करतो. इन्सुलिनचेच पाहा. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटचे, तर पेनमधील सहसा १०० युनिटचे असते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. उलट झाले तर मात्रा अपुरी पडते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, पण ते गोठले तर निकामी होते.

गोळ्यांचेही तसेच. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवणानंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. ग्लिमेपिराइड घेऊन एकादशीचा किंवा श्रावणातला कडक उपवास केला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेल्यास चहाचे तीन चमचे साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. एवढी माहिती गोळ्यांची पट्टी हातात देताना दोन मिनिटांत सांगता येते.

मग अडते कुठे?

अडचण पैशांची आहे. दुकानाची कमाई विक्रीतून होते. दर नियंत्रणाखालील औषधांच्या किमतीत किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो. सल्ल्याचे वेगळे शुल्क मिळत नाही. संध्याकाळी गर्दी असताना एका ग्राहकाशी दहा मिनिटे बोलणे म्हणजे बाकीच्यांना ताटकळत ठेवणे. शिवाय काउंटरवर फार्मासिस्टऐवजी सहायकच असल्याचा अनुभव अनेकांना येतो. रुग्णालाही हा आपला हक्क असल्याचे ठाऊक नसते.

इतरत्र काय केले जाते?

इंग्लंडमध्ये २०११ पासून 'न्यू मेडिसिन सर्व्हिस' ही योजना आहे. टाइप-२ मधुमेहासह काही आजारांवर नवे औषध सुरू झाल्यावर फार्मासिस्ट पुढील काही आठवडे रुग्णाशी ठरवून संवाद साधतो आणि त्याचे शुल्क सरकारी आरोग्य सेवा देते. अमेरिकेतील ॲशव्हिल शहरात १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांसाठी असाच प्रयोग झाला. त्यात सहभागी मधुमेहींची साखर अधिक नियंत्रणात आल्याचे दिसले. दोन्हीकडे सल्ल्याला स्वतंत्र मोबदला होता.

पुढे काय?

फार्मासिस्टने निदान करावे किंवा मात्रा बदलावी, अशी अपेक्षा नाही. ते डॉक्टरांचेच काम. पण प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषध निर्माण अधिकारी सरकारी वेतनावरच असतात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांच्यावर समुपदेशनाचे ठरावीक काम सोपवून सुरुवात करता येईल. खासगी दुकानांसाठी मोबदल्याचा प्रश्न सोडवावाच लागेल. तोपर्यंत २०१५ चे नियम बहुतांशी कागदावर राहतील आणि सिरिंजवरचा आकडा रुग्णाला स्वतःच तपासावा लागेल.